पेटीचा वैरी

भजन असो, नाटक असो की घरातली चार माणसांची बैठक असो, आपल्याकडे पेटीवाचून कोणाचे चालत नाही. मूळची ती युरोपातली. पण गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला असे काही बोलते केले की ती परकी आहे हेच आपण विसरून गेलो. ही आपली पेटी १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने दाराबाहेर काढली, आणि पुढे सुमारे तीस वर्षे तिला तेथे मज्जाव होता. या बंदीची गोष्ट निघाली म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव निघते, कारण त्यांनाही पेटी खपत नसे. पण त्यांच्याबरोबर आणखी एक नाव निघते, आणि ते एका इंग्रजाचे आहे.

जॉन फोल्ड्स हा रेडिओच्या दिल्ली केंद्रावर युरोपीय संगीताचा प्रमुख होता. १९३८ साली ‘इंडियन लिसनर’ या रेडिओच्या पाक्षिकात त्याने पेटीवर लेख लिहिला आणि तिचे वाभाडे काढले. पेटीचे सूर कायमचे ठोकून बसवलेले. गवयाच्या गळ्यातली मींड आणि श्रुती राहतात त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, आणि तेथे पेटीचा हात पोचत नाही, ही ती तक्रार. आमच्याकडचे कित्येक शास्त्रीबुवाही हेच म्हणत, पण साहेबाने म्हटल्यावर त्याला वजन आले! आपल्या इतिहासात फोल्ड्सला जागा मिळाली ती एवढीच. त्याच्या मायदेशी तर तेवढीही उरली नव्हती.

त्याचा जन्म मँचेस्टरचा, २ नोव्हेंबर १८८० चा. बाप तेथल्या प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदात वादक. मुलगाही १९०० साली चेलो घेऊन त्याच वृंदात जाऊन बसला. पोटासाठी तो हलक्याफुलक्या चाली बांधी, नाटकांना संगीत देई. बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’चे १९२४ मधले संगीत त्याचेच. पण त्याच्या आयुष्याला खरे वळण दिले ते मॉड मॅकार्थी या आयरिश व्हायोलिनवादक बाईने. ॲनी बेझंट यांच्याबरोबर ती हिंदुस्थानात येऊन येथले गाणे शिकून गेली होती आणि आपल्या बावीस श्रुती गळ्यातून काढून दाखवी. पुढे ती फोल्ड्सची पत्नी झाली. मँचेस्टरच्या चेलोवाल्याला घरबसल्या गुरू मिळाला असेच म्हणायचे.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा त्याने सर्व देशांच्या मृतांसाठी एक प्रचंड रचना हाती घेतली. तिचे नाव ‘वर्ल्ड रिक्विएम’, म्हणजे जगाचे श्राद्धगीत. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी, युद्धसमाप्तीच्या स्मरणदिनी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती प्रथम सादर झाली. गाणारे-वाजवणारे मिळून सुमारे बाराशे! शब्द बायबलातले, बनियनचे आणि चक्क आपल्या कबीराचे. ज्यांच्या घरची मुले रणांगणावरून परत आली नव्हती अशा आईबापांपुढे, साम्राज्याच्या राजधानीत, काशीच्या विणकराचे बोल गायले गेले. लोकांनी गर्दी केली. टीकाकारांनी नाके मुरडली. १९२६ पर्यंत दरवर्षी हा सोहळा झाला, आणि मग जो थांबला तो थांबलाच.

त्यानंतर फोल्ड्सची उपेक्षा सुरू झाली. बी.बी.सी. त्याच्या हलक्या चाली आवडीने वाजवी आणि गंभीर रचना बाजूला ठेवी. हे दुखणे त्याने बोलूनही दाखवले, पण उपयोग झाला नाही. १९३५ साली तो सहकुटुंब हिंदुस्थानात आला. दिल्लीत त्याने भारतीय वाद्यांचा एक वृंद जमवला आणि आपल्या वादकांना स्वरलिपी वाचून वाजवायला शिकवले. ज्यांची विद्या कानांतून हातांत उतरलेली, त्यांच्यापुढे त्याने कागद ठेवला. हा हट्ट मला स्वतःला पटत नाही. पण दोन संगीतांना एका बैठकीवर आणावे ही त्याची ओढ खरी होती. १९३९ च्या एप्रिलमध्ये त्याची कलकत्त्यास नेमणूक झाली, आणि तेथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत, २५ तारखेला, पटकीने त्याचा अंत झाला. पेटीवरची बंदी पाहायला तो उरला नाही.

पत्नी पुढे संन्यास घेऊन स्वामी ओमानंद पुरी झाली आणि १९६७ साली वारली. हस्तलिखिते मुलीकडे राहिली. १९७० नंतर माल्कम मॅक्डोनल्ड नावाचा एक तरुण संगीतलेखक शोध घेत तिच्याकडे पोचला, तेव्हा ती गॅरेजमध्ये शवपेटीएवढ्या दोन पेट्यांत पडून होती! काही कागद उंदरांनी आणि मुंग्यांनी कुरतडलेले. पेटीच्या वैऱ्याचे संगीत शेवटी पेटीनेच सांभाळले म्हणायचे.

मॅक्डोनल्डने १९७५ साली फोल्ड्सवर ग्रंथ लिहिला, आणि हळूहळू एकेक रचना ध्वनिमुद्रित होऊ लागली. २००४ साली फिनलंडचा संचालक सकारी ओरामो आणि बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद यांनी काढलेल्या तबकडीत ‘थ्री मंत्राज’ आहे. फोल्ड्सने संस्कृतात एक संगीतिका रचायला घेतली होती, ‘अवतार’ नावाची. ती मोडली; तिच्यातले हे तीन तुकडे तेवढे वाचले. कर्म, आनंद आणि संकल्प अशी त्यांची नावे मराठीत करता येतील. यांत कोणी यमन किंवा तोडी शोधू जाईल तर फसेल. मात्र तिसऱ्या मंत्रात एकच सप्तक धरून, त्याबाहेरच्या सुराला न शिवता, अवघा वाद्यवृंद ज्या आवेशाने धावतो, ते ऐकताना आपल्याकडची मेळांची शिस्त आठवल्यावाचून राहत नाही. ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ या पियानोच्या रचनेत तर त्याने तंतुवाद्यांना पाव-पाव सुरांवरून घसरत नेले आहे. पेटीला जे जमत नाही म्हणून तो तिच्यावर रागावला, तेच हे.

२००७ च्या ११ नोव्हेंबरला त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिऑन बॉटस्टाइनच्या संचालनाखाली ‘वर्ल्ड रिक्विएम’ पुन्हा उभे राहिले. मधली ८१ वर्षे ते गप्प होते. मुद्रण ऐकताना काही ठिकाणी पाल्हाळ जाणवतो, हे कबूल. पण स्त्रियांचे आणि मुलांचे आवाज दुरून येऊ लागतात तेव्हा तक्रार मनातच राहते.

हिंदुस्थानात असताना त्याने ‘सिंफनी ऑफ ईस्ट अँड वेस्ट’ नावाची एक रचना केली होती. त्या दोन पेट्यांत ती निघाली नाही. दिल्लीच्या एखाद्या कपाटात ती गेली, कलकत्त्याच्या दमट हवेत गेली, की वाळवीच्या पोटात?