कोहळींचे तलाव आणि काशीची आख्यायिका

चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळींना वाराणसीहून आणले, ही त्या समाजाची आख्यायिका रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या ग्रंथात १९१६ साली नोंदवली. भंडारा-गोंदियातील कोहळींच्या तलावांचा धनी मालगुजार, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारा जमीनमालक, असे. अशा तलावाच्या मातीच्या बांधाची, म्हणजे पाळीची, सुरक्षितता सांडव्यावर अवलंबून असते, कारण जादा पाण्याला बाजूने वाट मिळाली नाही, तर ते पाळीवरून वाहून माती कापत नेते. खेकड्याच्या बिळातून झिरपणारी बारीक धारही गढूळ झाली, की आतली माती सुटू लागल्याचे समजावे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून तलाव शासनाकडे गेले, परंतु पाळीवर रोज फिरणारी मालकाची नजर कायद्याने हस्तांतरित होत नाही, आणि गाळाने भरलेल्या अनेक तलावांची दुरवस्था तेथूनच सुरू झाली.