रानातला लांडगा आणि वाडीतला बुलबुल

वाचकहो, तुम्ही कधी रेवदंड्याला गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. हे गाव जुन्या पोर्तुगीज कोटाच्या आत वसले आहे. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, बाहेर समुद्र आणि कुंडलिकेची खाडी. ह्या चौल-रेवदंड्याच्या बंदरात एके काळी अरबस्तानातून घोडे उतरत. पोर्तुगीजांच्या मागोमाग काजू आणि अननस आपल्या किनाऱ्यावर आले. १७४० साली कोट मराठ्यांच्या हाती आला, पोर्तुगीज गेले. काजू मात्र राहिला. आज त्याला परका म्हणून तर बघा, कोकणी माणूस तुमच्याकडे बघतच राहील!

समुद्रापलीकडून आलेल्या अशाच एका गोष्टीची हकीकत आज सांगायची आहे. ती आहे शाळांतून दिसणाऱ्या ‘बुलबुल’ पथकाची, म्हणजे स्काउट-गाइड चळवळीतल्या पाच ते दहा वर्षांच्या मुलींची.

बेडन-पॉवेलने १९०७ साली इंग्लंडमध्ये मुलांचे पहिले शिबिर भरवले. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात काही मुली आपण होऊन हजर झाल्या. ‘आम्हालाही घ्या’ हा त्यांचा हट्ट. त्यातून १९१० साली गर्ल गाइड संघटना निघाली. मग धाकटी भावंडे रडू लागली. धाकट्या मुलांसाठी १९१६ साली ‘वुल्फ कब’ म्हणजे लांडग्याचे बच्चे ही शाखा आली. तिला गोष्ट मिळाली किप्लिंगच्या ‘जंगल बुक’ची. अकेला लांडगा, बाळू अस्वल, बघीरा. आता गंमत पाहा. किप्लिंग जन्मला मुंबईत, त्याचे पुस्तक आले १८९४ साली, आणि त्यातले रान आहे आपल्या मध्य भारतातल्या सिवनीचे. आपलेच प्राणी विलायतेला जाऊन, खाकी कपडे घालून परत आले!

आणि धाकट्या मुलींना काय मिळाले? आधी, १९१४ साली, ‘रोझबड’ म्हणजे गुलाबाच्या कळ्या हे नाव. ते मुलींनाच आवडले नाही. मग ‘ब्राउनी’ हे नाव आले, ज्युलियाना इविंग ह्या लेखिकेच्या १८७० सालच्या पुस्तकातून. ब्राउनी म्हणजे घरातली माणसे झोपल्यावर गुपचूप केरवारा उरकून जाणारा चिमुकला जीव. गोष्टीतले घुबड मुलांना तळ्यात डोकावायला सांगते. पाण्यात स्वतःचेच तोंड दिसते. म्हणजे ब्राउनी तूच! गोष्ट गोड आहे, पण वाटणी पाहिलीत ना? मुलगा रानात, मुलगी घरकामात. शिवाय पथकाच्या बाईंना म्हणायचे ‘ब्राउन आउल’, म्हणजे तपकिरी घुबड. आपल्याकडे घुबड म्हणजे अपशकुन. कोणती आई आपली मुलगी घुबडाच्या हवाली करील?

हिंदुस्थानात गाइडचे पहिले पथक १९११ साली जबलपूरला निघाले. इथे धाकट्या मुलींना पुढे ‘ब्लू बर्ड’ म्हणू लागले, आणि मग ‘बुलबुल’. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स अँड गाइड्स ही एकत्र संस्था झाली, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड मुलीही तिच्यात आल्या. आज त्या संस्थेत मुलगे कब, मुली बुलबुल. दोघांचे ब्रीद एकच, ‘कोशिश करो’. बुलबुलांच्या पायऱ्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत: कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख, हीरक पंख.

तुम्ही म्हणाल, बुलबुल तरी आपला कुठला? शब्द फारशीतला, आणि तिकडच्या शायरांचा बुलबुल हा निराळाच पक्षी. खरे आहे. पण आपण ते नाव ज्याला दिले, तो रेवदंड्याच्या वाडीत रोज दिसतो. डोक्यावर काळा तुरा आणि गालावर तांबडा ठिपका असलेला शिपाई बुलबुल, आणि त्याचा भाऊ लालबुड्या. झुडपात वाटीएवढे घरटे बांधतो, नर-मादी दोघे मिळून पिलांना भरवतात. घरकाम दोघांचे! मुलींसाठी ह्याहून चांगली गोष्ट कोणती शोधायची?

आणि खरे सांगायचे तर आपल्या मुलींना प्राण्यांचे खेळ शिकवायला कुणी परदेशातून यायची गरजच नव्हती. ब्राउनी मुली कृत्रिम अळंबीभोवती नाचत. आपल्या मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याचा फेर धरीत आल्या आहेत. चैत्रांगणात कासव, नाग, मोर अंगणात उतरतात. काऊ-चिऊची गोष्ट कोणी सांगितली हे कोणाला आठवत तरी आहे का? हे सारे घरात होते. पण घरातच होते. बुलबुल पथकाने मुलीला उंबऱ्याबाहेर आणले, मैदानात उभे केले. नव्या चळवळीचे मोठे देणे मला हेच वाटते.

म्हणून एक विनंती. पुष्कळ ठिकाणी हस्तकला म्हणजे बाजारातला कागद आणून त्यावर कापूस चिकटवणे, एवढेच उरते. रेवदंड्यासारख्या गावात नारळाच्या पातीचा पक्षी वळणारी, करवंटीचे कासव करणारी एखादी आजी हाकेच्या अंतरावर असते. तिला शाळेत बोलवा. आणि पक्षी वळण्यापूर्वी मुलींना वाडीत न्या. तुरा कसा, शेपूट कशी, हे आधी डोळ्यांनी पाहू द्या. मात्र घरट्याला हात लावायचा नाही, पक्षी पिंजऱ्यात घालायचा नाही. एके काळी लोक बुलबुल झुंजवीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

नाव कुठून आले ह्याला फारसे महत्त्व नाही. काजू रुजला तो इथल्या मातीत. मुलीने वाडीतला पक्षी ओळखला आणि आजीच्या हातचे वळण उचलले, की बुलबुलही इथलाच झाला म्हणायचा.