सत्त्याऐंशी भोकांचा पत्रा

मागच्या आठवड्यात आजोळहून भाच्याचा फोन आला. मामेभावाचा मुलगा तो, शेती तोच बघतो. म्हणाला, "आत्या, भंगारवाला दारात उभा आहे. गोठ्यामागचे ते भोकाचे पत्रे देऊन टाकू का? तीन आहेत. एकेकाचे नऊशे-हजार येतील म्हणतो."

मी एकदम ओरडलेच, "अरे, थांब!"

तो बिचारा गांगरला. गंजक्या पत्र्यांत आत्याचा एवढा जीव का, हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. त्यात त्याचा काही दोष नाही. मलाही ते कळायला वयाची साठी उलटावी लागली. म्हणून आज हे लिहायला बसले. नेहमीचे वाचक सांभाळून घेतीलच, पण घरच्या मंडळींनी जरा लक्ष देऊन वाचावं ही विनंती.

आमचं आजोळ साताऱ्याकडचं. दादामामा, म्हणजे आईचा थोरला भाऊ, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बे सॅपर्समध्ये होता. सॅपर्स म्हणजे रस्ते, पूल, विमानतळ बांधणारी पलटण. तिचं मुख्य ठाणं पुण्याजवळ खडकीला. मामा ब्रह्मदेशात जाऊन धडधाकट परत आला. युद्धानंतर सरकारने उरलासुरला माल लिलावात काढला. त्या डिस्पोजलच्या मालातून त्याने पदरच्या पैशाने आठ-दहा पत्रे विकत घेतले आणि घरी आणले. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "लोक लढाईवरून चार दागिने आणतात, आमच्या ह्याने भोकं आणली!"

सुट्टीत आजोळी गेलो की आमचा खेळ ठरलेला. पाटावर पूल म्हणून टाकलेल्या पत्र्यावर बसायचं आणि भोकं मोजायची. तीन ओळी, प्रत्येक ओळीत एकोणतीस. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. हा पाढा मी शाळेत नाही, त्या पत्र्यावर शिकले. एकदा मामाला विचारलं, "मामा, एवढी भोकं कशाला पाडली?" तो म्हणाला, "खांद्यावर घेऊन बघ, म्हणजे कळंल." बस, एवढंच उत्तर. मामा मुळातच फार बोलणारा नव्हता.

आता पत्र्याबद्दल. ही माहिती मी निवृत्तीनंतर वाचून, नातवाच्या मदतीने शोधून गोळा केलेली आहे.

ह्या पत्र्याला 'मार्स्टन मॅट' म्हणतात. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मार्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. तिथे नोव्हेंबर १९४१ मध्ये लष्करी सराव चालू असताना अशा पत्र्यांची पहिली धावपट्टी अंथरून पाहिली, म्हणून हे नाव पडलं. पुढच्याच महिन्यात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात ओढली गेली. वेळ अगदी नेमकी साधली म्हणायची!

पत्रा दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद आणि वजनाला सहासष्ट पौंड, म्हणजे साधारण तीस किलो. एका लांब कडेला आकडे आणि दुसऱ्या कडेला खाचा. एका पत्र्याचे आकडे शेजारच्याच्या खाचांत घालायचे आणि सरकवून अडकवायचे. ना खिळा, ना वेल्डिंग. भिंतीत विटा सांधमोड करून रचतात, तसे पत्रेही सांध्यासमोर सांधा येणार नाही असे मांडायचे. भोकांमुळे वजन घटतं. शिवाय प्रत्येक भोकाची कड वळवलेली असते, तिने पत्र्याला ताठपणा येतो. पाणी खाली निघून जातं आणि चाक घसरत नाही. मामाचं उत्तर बरोबर होतं, फक्त पाव भागच सांगितला होता त्याने!

यामागचं तत्त्व आपल्या ओळखीचं आहे. चिखलात नुसता पाय ठेवला तर रुततो, फळी टाकली तर रुतत नाही, कारण भार पसरतो. पण सुटी फळी एका टोकावर वजन पडलं की दुसरीकडून उचलते. फळ्या एकमेकींत अडकवल्या की एकीवरचा भार शेजारणीही उचलतात. सासुरवाशिणीला जावा चांगल्या मिळाल्या तर जसं होतं, तसंच हे!

ही युक्ती किती जुनी असावी? इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या दलदलीत १९७० साली पीट खणताना एक फळ्यांची वाट सापडली. ज्याला ती सापडली त्याच्या आडनावावरून तिला 'स्वीट ट्रॅक' म्हणतात. तिच्या लाकडातली वर्षवलयं मोजून तज्ज्ञांनी सांगितलं, की त्यासाठीची झाडं इसवी सनापूर्वी ३८०७-०६ च्या हिवाळ्यात तोडली. म्हणजे आजपासून पावणेसहा हजार वर्षं झाली! जवळजवळ दोन किलोमीटरची ही वाट, फुलीसारख्या रोवलेल्या खुंट्यांवर ओकच्या फळ्या टाकून केलेली. पुढे १८६५ साली अमेरिकन यादवीत शर्मनची फौज कॅरोलायनाच्या दलदलीतून गेली, ती ओंडके शेजारी शेजारी अंथरतच. म्हणजे पहिल्या पत्र्यांची परीक्षा ज्या मुलुखात झाली, त्याच मुलुखात तीन पिढ्यांपूर्वी लाकडाचे रस्ते अंथरले गेले होते.

इंग्लंडमध्येही १९४१ च्या सुमारास सोमरफेल्ड नावाच्या जर्मनीहून आलेल्या एका अभियंत्याने तारेच्या जाळीत लोखंडी सळ्या घालून गुंडाळीसारखा उलगडता येणारा रस्ता केला. सैनिक त्याला थट्टेने पत्र्याचं लिनोलियम म्हणत. पण जड विमानांसाठी पत्राच खरा.

आता एक गणित. शाळेत असते तर फळ्यावर घातलं असतं! पाच हजार फूट लांब आणि दीडशे फूट रुंद धावपट्टी, म्हणजे साडेसात लाख चौरस फूट. एक पत्रा साडेबारा चौरस फुटांचा. पत्रे लागले साठ हजार. वजन अठराशे टन. तीन टनी लॉऱ्या असतील तर सहाशे खेपा. आणि हे साठ हजार पत्रे कुणीतरी एकेक करून हातांनी उचलून अडकवायचे. बातमी विमानाची होते, वैमानिकाची होते. त्या साठ हजारांतला एखादा पत्रा उचलणाऱ्याचं नाव कुठे असणार?

हे पत्रे जगभर गेले. पॅसिफिकमधल्या ग्वादलकॅनाल बेटावर १९४२ मध्ये जपानी बॉम्बनी धावपट्टीत खड्डे पाडायचे. अमेरिकी सैनिक वाळू-खडी भरलेले ट्रक आधीच तयार ठेवायचे, मोडके पत्रे काढून खड्डा भरायचे आणि तासाभराच्या आत नवे पत्रे बसवून मोकळे. युद्ध संपल्यावर १९४८ मध्ये बर्लिनची कोंडी झाली, तेव्हा टेम्पेलहोफ विमानतळावर अशाच पत्र्यांच्या धावपट्टीवर अन्नधान्याची, कोळशाची विमानं उतरत होती. दोन विमानांच्या मधल्या काही क्षणांत मजूर धावत जाऊन पट्टी दुरुस्त करायचे.

आमच्या मामाचा मुलूख मात्र मणिपूर-ब्रह्मदेशाचा. जपान्यांनी मार्च १९४४ मध्ये इम्फाळला वेढा घातला. कोहिमा-इम्फाळ रस्ता २२ जून १९४४ ला मोकळा होईपर्यंत दारूगोळा, धान्य, जखमींची ने-आण, सगळं विमानांवर. आणि पाऊस तिथला! नुसत्या मातीच्या पट्ट्या पावसाळ्यात भाताची खाचरं होतात. पुढे जनरल स्लिमची चौदावी आर्मी जपान्यांच्या मागे निघाली, तेव्हा टामू ते कालेवा रस्ता टिकवणं हेच मोठं युद्ध झालं. पोलादी पत्रे सगळीकडे पुरणार कुठून? मग डांबरात भिजवलेले गोणपाटाचे पट्टे, दाबून घट्ट केलेल्या मातीवर एकावर एक कड चढवून अंथरले. त्याला 'बिटहेस' म्हणत. शंभर मैलांहून जास्त रस्ता असा गोणपाटावर उभा राहिला! आराकानकडे तर दगड नाही म्हणून रस्त्याकडेला वीटभट्ट्या लावून विटांचा रस्ता केला. कालेवाला चिंडविन नदीवर डिसेंबर १९४४ मध्ये अकराशे फुटांहून लांब बेली पूल उभा राहिला.

मामाच्या तोंडून मी दोनच गावांची नावं ऐकली होती. टामू आणि कालेवा.

एक पावसाळा मला आठवतो. मी दहा-अकरा वर्षांची असेन. गावच्या ओढ्यात एक भरलेली बैलगाडी आसापर्यंत रुतली होती. बैल फेस गाळत होते, माणसं ओरडत होती. मामा काही न बोलता घरी गेला. दोन पोरांना घेऊन चार पत्रे आणले, चाकांपुढे मांडले, आकडे खाचेत अडकवले, पायाने ठोकून पाहिले. बैलांना एकदाच हाक दिली आणि गाडी वर! मग शांतपणे पत्रे धुतले आणि परत नेऊन ठेवले. त्या दिवशी रात्री जेवताना तो एकच वाक्य बोलला होता, "तिकडं गाड्या निघायच्या, माणसं नाही निघायची सगळी." आई म्हणाली, "जेव आता." विषय संपला.

यानंतर जे सांगायचं आहे ते जड जातंय.

मी तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दुसरं महायुद्ध म्हणजे कारणे पाच, परिणाम सहा. एकदा नववीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, आपल्याकडचं कोण गेलं होतं का त्या लढाईला?" परीक्षा तोंडावर होती. मी म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही. खाली बस." तेव्हा दादामामा जिवंत होता. एसटीने दोन तासांच्या अंतरावर होता. त्या मुलाला नाही नेलं तर नाही, मी स्वतः तरी जाऊन बसायला हवं होतं त्याच्यापाशी. नाही गेले. मामा १९८३ मध्ये गेला. तो नेमका कुठल्या कंपनीत होता, कुठला रस्ता त्याच्या हातचा, 'निघायची नाहीत' ती माणसं कोण, यातलं आता काहीच सांगायला कुणी नाही. घरी उरलेत ते तीन पत्रे.

आज ह्या पत्र्यांची नातवंडं सगळीकडे दिसतात. कुठे अॅल्युमिनियमच्या, कुठे प्लास्टिकच्या, एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या. विजेचे मनोरे उभारताना क्रेन रुतू नये म्हणून अंथरतात, काम झालं की उचलून नेतात. प्रयागला कुंभमेळ्यात गंगेच्या वाळूवर लोखंडी प्लेटांचे रस्ते होतात, त्यावरून लाखो माणसं चालतात. मेळा संपला की प्लेटा उचलायच्या आणि वाळू पुन्हा वाळू. आणि ईशान्य भारतात महायुद्धातले जुने पत्रे अजूनही घरांना, मळ्यांना कुंपण म्हणून उभे आहेत. तिथे फिरायला जाणाऱ्यांनी जरूर बघावं. भोकं मोजून बघा, सत्त्याऐंशी भरतील!

तर भाच्याला मी सांगितलंय, पत्रे विकायचे नाहीत. तीन हजार रुपये मी मनीऑर्डरने... म्हणजे आता ते फोनवरून पाठवतात तसे, पाठवते. एक पत्रा पाटावर आहे तिथेच राहू दे, कामात आहे. दोन घासून, तेल लावून पडवीत ठेव. तो हसून म्हणाला, "आत्या, पैसे नकोत. पण हे सगळं माझ्या पोरांना येऊन सांगा." दिवाळीत जाणार आहे.

घरच्यांपैकी कुणाकडे मामाचं डिस्चार्ज बुक, एखादं पत्र, पदक, फोटो, काहीही असेल तर कृपा करून कळवा. ट्रंका उघडून बघा. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी असा गप्प बसलेला एखादा म्हातारा अजून असेल, तर हा लेख पुरे करा आणि त्याच्याकडे जा. मी उशीर केला.