उजाड धुळे पुन्हा कसे वसले?

भुसावळजवळच्या दीपनगरचे नाव आपल्या खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. १९६० च्या दशकात तेथे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले आणि त्याच्या अवतीभवती वसाहत जमली. बाजार आला, शाळा आल्या, चहाच्या टपऱ्या आल्या. पुढे जुने संच बंद झाले, नवे मोठे संच आले. एखादा संच बंद होणार अशी कुणकुण लागली की टपरीवाल्याच्या पोटात गोळा येतो. तो काही त्या यंत्राच्या काळजीने नव्हे. माणसे राहतील की जातील, ही त्याची खरी चिंता.

हीच चिंता दोनशे वर्षांपूर्वी एका गावाच्या वाट्याला आली होती. तेव्हा तर गावातली झाडून सारी माणसे निघून गेली होती. ते गाव म्हणजे आजचे धुळे. तुम्ही म्हणाल, एवढे मोठे शहर आणि उजाड? होय, उजाड! अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धुळे हे लळिंगच्या छायेतले, पांझरेकाठचे एक सामान्य गाव होते. १८०३ च्या सुमारास होळकरांच्या फौजेने मुलूख लुटला आणि पाठोपाठ भयंकर दुष्काळ पडला. लुटारूच्या हातून वाचलेले दाणे दुष्काळाने संपवले. लोकांनी घरे टाकली, वाट फुटेल तिकडे गेले. गावात दिवा लावायला माणूस उरला नाही.

पुढच्याच वर्षी, १८०४ मध्ये, विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत नावाच्या गृहस्थांनी हे गाव पुन्हा वसवले. या कामगिरीबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली. पुढे सोनगीर आणि लळिंग या मुलखांचा कारभारही त्यांच्याकडे आला. त्यांनी आपले ठाणे धुळ्यातच ठेवले. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढाया जिंकणाऱ्यांची नावे असतात. पळून गेलेल्या कुणब्याला परत बोलावून आणणाऱ्यांची नसतात. बाळाजी बळवंतांचे नाव धुळ्यातल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असेल, याची मला शंकाच आहे.

आता उजाड गाव वसवायचे म्हणजे करायचे तरी काय? मराठ्यांच्या कारभारात याची एक ठरलेली रीत होती. परागंदा झालेल्या रयतेला 'कौल' द्यायचा, म्हणजे लेखी अभय द्यायचे: परत या, जमीन कसा, तुम्हांला उपद्रव होणार नाही. सारा एकदम घ्यायचा नाही. पहिल्या वर्षी अगदी थोडा, दुसऱ्या वर्षी त्याहून जरा जास्त, असा चढत चढत काही वर्षांनी पुरा घ्यायचा. याला 'इस्तावा' म्हणत. नवी पेठ बसवायची असली तर व्यापाऱ्यांना काही वर्षे पट्टी आणि जकात यांत सूट मिळे. पेठेची व्यवस्था शेटे-महाजनांकडे असे. ही रीत नीट पाहा. तिच्यात दगडमातीचा उल्लेख नाही. सरकार घर बांधून देत नव्हते. बांधलेले घर कोणी हिरावून घेणार नाही असा भरवसा देत होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा अंमलदार येथे आला. फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा तो हाच. नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून त्याने धुळे निवडले. त्या वेळचे धुळे म्हणजे बागाईत मळ्यांनी वेढलेले, एका बाजूला पाट आणि दुसऱ्या बाजूला नदी यांच्यामध्ये कोंडलेले लहानसे गाव. १८१९ ची मोजणी उपलब्ध आहे: घरे ४०१ आणि माणसे २,५०९.

त्याच वर्षी जानेवारीत ब्रिग्जने मुलकी आणि न्यायाच्या कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळवली. कारागीर दूरदूरच्या गावांहून आणावे लागले. बांधकामाला सुमारे २७ हजार रुपये लागले. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचेच. व्यापारी आणि इतर लोकांनी येथे येऊन राहावे म्हणून घरांसाठी जागा दिल्या, त्याही कायमच्या बिनभाड्याच्या. पक्की घरे बांधता यावीत म्हणून पैसे आगाऊ दिले. ते जसे नव्याने येणाऱ्यांना, तसेच जुन्या रहिवाशांनाही. हा 'जुन्यांनाही' शब्द विसरू नका. गावाचा कायापालट करायचा म्हटले की पहिली कुऱ्हाड पुष्कळदा जुन्या गरीब बिऱ्हाडावर पडते. येथे तसे धोरण नव्हते. ब्रिग्जची वाखाणणी करताना एवढेही म्हणावे लागेल की हे काही विलायतेहून आणलेले शहाणपण नव्हते. आपल्या कौलाचीच ती पुढची पायरी होती.

परिणाम काय झाला? १८६३ मध्ये वस्ती सुमारे दहा हजारांवर गेली आणि १८७२ मध्ये ती १२,४८९ भरली. याचे सारे श्रेय त्या सवलतींना देता येणार नाही. कचेऱ्यांमुळे पक्षकार आले, पक्षकारांमुळे वकील आले, मुंबई-आग्रा रस्ता जवळून गेला आणि १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला. पण कापसाचा व्यापारी धुळ्यात दुकान थाटू शकला, कारण तेथे बाजार तयार होता. १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला, घरादारांचे फार नुकसान झाले. या वेळी मात्र गाव उठून गेले नाही. पुन्हा घरे बांधून लोक तेथेच राहिले.

आता धुळ्याहून जळगावच्या रस्त्याने पारोळ्याला या. येथली गोष्ट उलटी आहे. पन्नास घरांच्या खेड्याचे तटबंदीचे शहर जहागीरदारांनी केले आणि १७२७ मध्ये भुईकोट किल्ला बांधला, असे सांगतात. खंदक, बुरूज, आत बालेकिल्ला. खानदेशातल्या उत्तम किल्ल्यांत त्याची गणना होई. झाशीच्या नेवाळकर घराण्याची एक शाखा याच पारोळ्यात होती. १८२१ मध्ये ब्रिग्जला ठार मारण्याचा एक प्रयत्न झाला, तोही येथेच. सत्तावनच्या उठावानंतर, १८५९ मध्ये, मालक राजद्रोही ठरवून सरकारने त्यांची मालमत्ता जप्त केली आणि किल्ला मोडून टाकला.

पारोळे शहर राहिले, बाजार राहिला, बालाजीचा उत्सव राहिला. ऐन मध्यभागी असलेला किल्ला मात्र बेवारस झाला. ऊनपावसाने त्याचे नुकसान झालेच, पण खरा घाव जप्तीचा होता. ज्याचा धनी गेला आणि ज्याचे कामही गेले, त्या वास्तूचा दगड ज्याला हवा तो नेतो आणि खंदकात ज्याला हवा तो केर टाकतो. अशी वास्तू साऱ्या गावाची असते, म्हणजे कोणाचीच नसते.

ती पुन्हा कामाला लावता येते काय? मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये उघडलेले एक संग्रहालय आहे. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. मालकी महानगरपालिकेची; पण इमारतीची रया गेली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान आणि वारसा जपणारी 'इन्टॅक' संस्था यांनी रीतसर करार केला. दुरुस्ती झाली, २००८ मध्ये दारे उघडली. रंगसफेदी तर कोणीही करील, पण येथे जबाबदारी कोणाची, पैसा कोणाचा आणि पुढे आत काय चालणार, हे आधी कागदावर ठरले होते. मुंबईइतका पैसा पारोळ्याकडे नाही, हे खरेच. पण कागदाला फारसा पैसा लागत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवतो. किल्ल्यावर सहल नेता तेव्हा मुलांना बुरूज जरूर मोजायला लावा. त्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या चारदोन मुलांना घेऊन नगरपालिकेत आणि भूमापन कार्यालयात जा. किल्ला, खंदक, तटालगतची मोकळी जागा यांची नोंद कोणाकोणाच्या नावे आहे, ते विचारा. हद्दीचा नकाशा मिळाला तर मागून घ्या, आणि तो वर्गातल्या भिंतीवर लावा.