ललितकलादर्श : केशवरावांची पावणेचौदा वर्षे

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत एका नव्या नाटक कंपनीचा नारळ फुटला. मालकाचे वय सतरा, गाव कोल्हापूर, नाव केशवराव भोसले. भांडवल म्हणावे तर गळा आणि लहानपणापासून रंगपटात काढलेली वर्षे. कंपनीचे नाव ठेवले ‘ललितकलादर्श’. पुढे बापूराव पेंढारकर आणि त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ही संस्था अनेक दशके नेटाने चालवली. पण तिचा पिंड घडला तो केशवरावांच्या हाताखाली, अवघ्या पावणेचौदा वर्षांत.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. घरात गरिबी होती, शाळा फारशी झाली नाही. अगदी कोवळ्या वयात ते जनुभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत दाखल झाले आणि बारा-तेरा वर्षांचे असताना देवलांच्या ‘शारदा’ नाटकात नायिका झाले. जख्ख म्हाताऱ्याशी जिचे लग्न ठरवले जाते ती पोर आणि ती रंगवणारा मुलगा जवळपास एका वयाचे! मुलाचा आवाज अजून फुटला नव्हता. ती पदे त्या कोवळ्या गळ्यातून आली की प्रेक्षागृह हलून जाई. केशवराव भोसले हे नाव महाराष्ट्रात पसरले ते या शारदेमुळे.

स्वतःची कंपनी काढणे ही मात्र निराळीच गोष्ट. त्या काळची नाटक कंपनी म्हणजे फिरते खटलेच होते. नट, साजिंदे, आचारी, पडदे, पेट्या, सगळे बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव मुक्काम करायचे, आणि खेळ पडला तर साऱ्यांच्या जेवणाची भ्रांत मालकाला. केशवराव स्वतः स्त्रीभूमिका करत, पुढे पुरुषभूमिकांकडे वळले, आणि हा सारा व्यापही त्यांनीच पाहिला. गाण्यासाठी त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांचा हात धरला. बुवांच्या आडवळणाच्या, पेचदार चाली पेलायला तयार गळाच हवा. केशवरावांच्या वरच्या पट्टीतल्या, तडफेने सुटणाऱ्या ताना त्या तालमीतून आल्या. ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तो छातीच्या जोरावर.

पडदे रंगवले कोल्हापूरच्याच आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री यांनी. हेच बाबूराव पुढे बाबूराव पेंटर म्हणून चित्रपटात गाजले. चित्रपटाच्या आधी त्यांचा कुंचला नाटकाच्या पडद्यांवर फिरला होता, हे कोल्हापूरकरांनी विसरू नये.

केशवरावांचे नाव निघाले की बोलणे गाण्यावर येते आणि तिथेच थांबते. मला त्यांचे मोठेपण नाटकांच्या निवडीत जास्त दिसते. लोकप्रिय जुनी नाटके करत राहून त्यांचे सहज भागले असते. १९१२ मध्ये त्यांनी ‘दामिनी’ रंगभूमीवर आणले. लेखिका हिराबाई पेडणेकर, सावंतवाडीकडच्या, कलावंतीण घराण्यातल्या, उत्तम गाणाऱ्या. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर बाईने लिहिलेले नाटक त्याआधी उभे राहिले नव्हते. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करत तो हा काळ. एका कलावंतिणीची संहिता हाती घेऊन तिच्यावर कंपनीचा पैसा आणि नाव लावायला बावीस वर्षांच्या मालकाला काय धमक लागली असेल! पुढच्याच वर्षी अमरावतीच्या वामनराव जोशींचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आले. १९१६ मध्ये हुंड्यावर कोरडे ओढणारे मामा वरेरकरांचे ‘हाच मुलाचा बाप’, आणि १९१९ मध्ये त्यांचेच ‘संन्याशाचा संसार’. नवा, धारदार लिहिणारा वरेरकर मराठी रंगभूमीवर रुजला तो या कंपनीच्या आधाराने.

याच वर्षांत कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधून घेतले. १९१३ मध्ये काम सुरू झाले, १९१५ मध्ये थिएटर उभे राहिले. शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. गाणे आणि कुस्ती भिंतीला भिंत लावून नांदतात, असे गाव दुसरे कुठे सापडेल? याच पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव मिळाले.

मग आले १९२१. टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसा गोळा होत होता. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या तोडीस तोड कंपन्या. चाहत्यांतही दोन तट. गंधर्वांचे गाणे लडिवाळ, लयीत मुरलेले. भोसल्यांचे उसळते, आक्रमक. या दोघांनी त्या फंडासाठी एकत्र ‘मानापमान’ करायचे ठरवले. ८ जुलै १९२१, मुंबईचे बालीवाला थिएटर. खाडिलकरांचे नाटक, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे पुन्हा कोल्हापूरच. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. तिकीट १०० रुपयांपर्यंत चढले होते, तरी थिएटर भरले. या नाटकात श्रीमंत भामिनी गरीब सेनापतीला तुच्छ लेखते आणि शेवटी त्याच्याच पराक्रमापुढे नमते. दोन प्रतिस्पर्धी गायक समोरासमोर उभे राहिल्यावर त्या मानापमानाला केवढी धार चढली असेल! चढाओढीने घेतलेल्या वन्समोअरांमध्ये कोण सरस ठरले याचा वाद जुने रसिक आयुष्यभर घालत राहिले. वर्गणी जमली स्वराज्याच्या कामाला, आणि दोघांनीही आपापला मोठेपणा बाजूला ठेवला होता. मला त्या प्रयोगातले हे सर्वांत मोलाचे वाटते.

तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव गेले. वय एकतीस.

कंपनी बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी सूत्रे घेतली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ उभे केले. नवा विषय, नवा लेखक, ही केशवरावांनी घातलेली रीत त्यांनी मोडली नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत होरपळले. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. शहर हळहळले, लोक रस्त्यावर उभे राहून रडले. वास्तू पुन्हा पूर्वीच्या दिमाखात उभी राहावी ही साऱ्यांचीच इच्छा आहे. माझी त्यात एक भर : दर्शनी भागात केशवरावांच्या तसबिरीशेजारी त्यांनी रंगभूमीवर आणलेल्या नाटकांची यादी लावावी, आणि त्यात ‘दामिनी’पुढे हिराबाई पेडणेकरांचे नाव ठळक अक्षरांत असावे.