शिसे, सुरमा आणि आमची मुले

वर्गातला एखादा मुलगा जागेवर टिकत नाही, क्षुल्लक कारणावरून भांडतो, काल पाठ केलेले आज विसरतो. आम्ही शिक्षक त्याला शरारती ठरवून मोकळे होतो. इतिहास मात्र थोडे थांबायला सांगतो.

1979 साली अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. बोस्टनजवळच्या शाळांतील मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांनी त्यांतील शिसे मोजले. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे न सांगता 2146 मुलांच्या वागण्याविषयी त्यांच्या शिक्षकांना विचारले. शिसे जितके जास्त, तितकी अस्थिर व बेलक्ष मुले अधिक आढळली. शिसे शरीराला कॅल्शियमचा चकवा देऊन मेंदूपर्यंत पोचते. हाडांत तर वर्षानुवर्षे मुक्काम करते.

आपल्याकडे ते मुख्यतः पेट्रोलमधून आले. शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून बंद झाले ते 1 फेब्रुवारी 2000 रोजी. तोवर मुंब्रा-कौशातून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर तोच धूर होता. 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी कुटुंबे याच रस्त्याच्या आसपास येऊन वसली. घर गेलेले, रोजगार तुटलेला, मनात दहशत. शिसे आणि सततचा ताण एकत्र आले की मेंदूची हानी वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्या पिढीच्या प्रत्येक रागामागे शिसेच होते असे आम्ही म्हणत नाही; पण त्या रागाला केवळ 'स्वभाव' म्हणणे अन्यायाचे आहे.

पेट्रोल बदलले, तरी जुन्या भिंतींचा रंग, फोडलेल्या बॅटऱ्या आणि आमच्या घरातला सुरमा शिल्लक आहे. सुरम्यामुळे मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलने 1968 मध्येच लिहिले होते. बाजारातला पुष्कळसा सुरमा म्हणजे शिशाचेच खनिज असते. मूल डोळे चोळते आणि तेच बोट तोंडात घालते. बुजुर्गांनी मायेने घातलेला सुरमा असा उलटतो.

म्हणून आम्हा शिक्षकांनी छडी उचलण्याआधी वालिदैनला दोन प्रश्न विचारावेत: घरात सुरमा, जुना रंग, भंगाराचे काम आहे का? आणि घरात कसली भीती, कसली तंगी आहे? शंका आल्यास रक्त तपासता येते. लोह व कॅल्शियम कमी पडले की शरीर शिसे अधिक शोषते, म्हणून पोटभर सकस जेवण हाही इलाजाचा भाग आहे. मुलाला दोष देणे सोपे असते. त्याच्या वागण्याचे कारण शोधणे, हीच खरी तालीम.