रेघ कुठे संपते? : रत्नागिरीची कातळशिल्पे, मोजमाप आणि टीप

संहिता आणि टीका यांच्यामधली हद्द कुठे आखावी, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागाहून घुसलेले पाठ दूर केले आणि पुढे कोणी स्वतःची ओवी तीत घालू नये अशी ताकीदही नोंदवून ठेवली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुखठणकरांच्या संपादनाखाली महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पूर्ण झाली. तीत पाठभेद पानाच्या तळाशी गेले, आणि वर घेतलेला जो पाठ पुरेशा खात्रीचा नव्हता त्याच्याखाली नागमोडी रेघ आली. संपादकाने आपला संशय लपवला नाही, आणि संशयापोटी संहिता मोडलीही नाही. या दोन उदाहरणांची आठवण आम्हांस झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळशिल्पांच्या नोंदींचा विचार करताना. तिथे संहिता दगडावर आहे, टीका संगणकाच्या पडद्यावर आहे, आणि दोहोंमधली हद्द पुसट होण्याची भीती मात्र तीच जुनी आहे.

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वाडी-वस्त्यांच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाची विस्तीर्ण सपाट पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. पावसाळ्यात त्यावर गवत माजते, उन्हाळ्यात कातळ उघडा पडतो. या कातळात कोरलेल्या आकृतींचा पद्धतशीर शोध सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी २०१० नंतरच्या दशकात गावोगावचे सडे पायाखाली घालून घेतला. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना त्यांतल्या काही आकृती आधीपासून ठाऊक होत्या. राज्याच्या पुरातत्त्व विभागानेही त्यांची दखल घेतली. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणे दाखल झाली : रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ. या आकृतींचा काळ मध्याश्मयुगापासून प्रारंभिक ऐतिहासिक काळापर्यंतच्या लांबलचक पट्ट्यात ठेवला जातो. त्यांच्यासोबत एकही लेख नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी जे काही बोलायचे ते आकार, प्रमाण, जागा आणि परस्परांमधले अंतर यांच्याच आधाराने बोलावे लागते. म्हणूनच इथे मोजमाप हा पूर्वतयारीचा भाग राहत नाही, तो वाचनाचाच भाग होतो.

कशेळीचा हत्ती घ्या. त्याची व्याप्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांच्या कितीतरी लहान आकृती कोरलेल्या आहेत. माणूस त्याच्या कडेला उभा राहिला तर डोळे जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर असतात. पायाशी असलेली रेघ रुंद दिसते आणि पलीकडची एका धाग्याएवढी. वर्तुळ लंबगोल भासते. पूर्ण हत्ती असा जमिनीवरून दिसतच नाही. ज्यांनी तो कोरला त्यांनाही तो पूर्ण दिसला नसावा, निदान त्याच्याजवळ उभे असताना तरी. अशा आकृतीची नोंद घेण्याची जुनी रीत म्हणजे दोऱ्या ताणून कातळावर एकेक मीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातली रेघ आलेखाच्या कागदावर उतरवायची. ही रीत संथ आहे, पण तिचा एक गुण विसरता येत नाही : काढणारा माणूस प्रत्येक चौकोनापाशी गुडघे टेकतो आणि रेघेवर बोट फिरवून मगच कागदावर पेन्सिल टेकवतो.

चित्रावरूनच मोजावे ही कल्पना छायाचित्राच्या पाठोपाठ आली. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या जर्मन वास्तुविशारदावर १८५८ साली वेट्झलारच्या कथीड्रलची मापे घेताना उंचावरून कोसळण्याचा प्रसंग आला होता. भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरूनच मापे काढता येतील, हा विचार त्याला तिथून सुचला. १८६७ साली त्याच्या लेखनातून ‘फोटोग्रामेट्री’ ही संज्ञा रूढ झाली आणि १८८५ साली बर्लिनमध्ये प्रशियाच्या वास्तूंची अशी मापचित्रे करणारी संस्था उभी राहिली. संगणकाच्या पडद्यावरची आजची सोय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९८७ साली सुरू केलेल्या प्रणालीतून १९९७ मध्ये ‘इमेजजे’ निर्माण झाली. ती विनामूल्य आहे आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी मोजण्यासाठी घडलेली आहे. पण पेशी काय आणि हत्ती काय, पडद्यावर दोन्ही पिक्सेलच.

पिक्सेलला मीटरमध्ये आणण्याची कृती वरवर किरकोळ आहे. चित्रात ज्याची लांबी ठाऊक आहे अशी वस्तू शोधायची, तिच्यावर रेघ ओढायची, ती इतक्या सेंटिमीटरची आहे असे प्रणालीला सांगायचे. इथून पुढे ती प्रत्येक रेघेचे, कोनाचे, क्षेत्रफळाचे माप बिनतक्रार देत राहते. ती कधीही अडखळत नाही, आणि नेमका तिथेच धोका आहे. समजा, कातळावर एक मीटरची पट्टी ठेवली आणि चित्रात तिने २०० पिक्सेल व्यापले. म्हणजे एक पिक्सेल पाच मिलिमीटरचा झाला. पट्टीची टोके पकडताना हात दोन पिक्सेलांनी चुकला, तर चूक एक टक्क्याची. एक मीटरवर ती एक सेंटिमीटर होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, पण १८ मीटरवर तीच १८ सेंटिमीटर होते. तेच माप दहा मीटरच्या फितीवरून घेतले, तर २००० पिक्सेलांत दोन पिक्सेलांची चूक म्हणजे हत्तीच्या पूर्ण लांबीत दोन सेंटिमीटरहूनही कमी. लहान पट्टीने मोठ्या आकृतीचे माप घेऊ नये, हा धडा शिंप्यालाही ठाऊक असतो. पडद्यावर दशांश चिन्हाच्या पुढे चार आकडे दिसू लागले की तो विसरला जातो.

दुसरी अडचण उंचीची. सडा लांबून सपाट दिसतो, जवळून तसा नसतो. ड्रोन २० मीटर उंचीवरून खाली पाहत आहे आणि आकृतीचा एक भाग पट्टीच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर खोल आहे असे धरले, तर त्या भागाचे प्रत्येक माप सुमारे अडीच टक्क्यांनी कमी येईल. म्हणून एका छायाचित्रावर न विसंबता, एकमेकांवर अंशतः पडणारी अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतून पृष्ठभागाचा उंचसखलपणा उभा करतात आणि मगच वरून पाहिल्यासारखे सरळ केलेले चित्र तयार करतात. मोजमाप त्या चित्रावर करायचे. तिसरी अडचण खास कोकणातली आहे. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढण्याचा प्रघात आहे. पण देवाचे गोठणे येथील सड्यावर, जिथे मानवाकृती कोरलेली आहे, तिथे होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते. तेथे सुईवर विसंबून काढलेला बाण पाहणाऱ्याला चुकीची दिशा सांगेल, आणि आकृतीचे डोके अमुक दिशेला आहे म्हणून तिचा अर्थ तमुक, असे अनुमान त्या बाणावर बेतले तर तेही ढासळेल. अशा ठिकाणी बाणासोबत तो कसा ठरवला हे चार शब्दांत लिहिणे, ही टीप बाणापेक्षा मोलाची ठरते.

आता खुद्द टिपेकडे वळू. अशा प्रणालींत चित्रावर रेघा, चौकटी, बाण आणि शब्द लिहिण्याची सोय असते. त्या दोन प्रकारे राहू शकतात. पहिल्या प्रकारात टीप चित्रावर पसरलेल्या पारदर्शक कागदासारख्या वेगळ्या थरात राहते. ती उचलता येते, बदलता येते, तिच्या जागी दुसऱ्या अभ्यासकाची टीप ठेवून ताडून पाहता येते. दुसऱ्या प्रकारात थर चित्रात कायमचे मिसळतात. या आज्ञेचे नावच ‘फ्लॅटन’ असे आहे. त्यानंतर रेघेखालचे पिक्सेल गेलेले असतात, आणि ते चित्र ज्याच्या हाती पडेल त्याला कातळावरची रेघ कोणती आणि अभ्यासकाची कोणती हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. प्रक्षिप्त ओवी हीच तर होती : समासातली किंवा कुणाच्या तरी तोंडची ओळ नकलकाराच्या हातून संहितेत शिरलेली. मूळ चित्र अस्पर्श ठेवावे आणि टीप वेगळ्या थरात जपावी, या साध्या शिस्तीत एकनाथांच्या ताकदीची नव्हे, तरी ताकिदीची आठवण आहे.

आकृतीची बाह्यरेषा गिरवणे हे या कामातले सर्वांत निरुपद्रवी वाटणारे आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त अर्थ लावणारे काम आहे. जांभा सच्छिद्र असतो. त्याला स्वतःच्या भेगा, खळगे आणि पाण्याने पाडलेल्या चरी असतात. कोरीव रेघ कुठे थांबली आणि निसर्गाची चर कुठे सुरू झाली, हे अनेकदा नक्की सांगता येत नाही. कोकणातून नाहीशा झालेल्या गेंड्यासारख्या प्राण्यांच्या आकृती या सड्यांवर ओळखल्या गेल्या आहेत, आणि त्यांवरून त्या काळच्या हवामानाविषयी, भूप्रदेशाविषयी अनुमाने निघतात. पण गेंडा हा निष्कर्ष कधी कधी नाकावरच्या एका वीतभर रेघेवर उभा असतो. ती रेघ गिरवणाऱ्याने शिंग म्हणून ठाम ओढली की पाहणाऱ्याला गेंडाच दिसतो. तुटक ओढली, तर पाहणारा थबकून कातळाकडे वळतो. सुखठणकरांची नागमोडी रेघ आम्हांस इथे हवी आहे. खात्रीची रेघ अखंड, संशयाची तुटक आणि निसर्गाच्या भेगा वेगळ्या रंगात, एवढा संकेत पाळला तरी पुढच्या वाचकाचा अधिकार शाबूत राहतो.

उजेडाची नोंदही टिपेतच यायला हवी. माध्यान्हीच्या उन्हात उथळ रेघा कातळात विरून जातात आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्याच उठून दिसतात. पण तिरपा प्रकाश ज्या दिशेने येतो, त्या दिशेला समांतर जाणाऱ्या रेघा दबतात. म्हणून एकाच बाजूचा उजेड अर्धेच सांगतो. २००१ साली टॉम मालझबेंडर यांनी मांडलेल्या तंत्रात कॅमेरा स्थिर ठेवून दिवा अनेक दिशांनी फिरवतात आणि पडद्यावर हवा तसा उजेड नंतर पाडता येतो. हे साधन हाताशी नसेल, तर निदान छायाचित्राची तारीख, वेळ आणि सूर्याची बाजू लिहिली पाहिजे. रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरण्याची रीत जगभर होती. ती मूळ पृष्ठभागाला इजा करते आणि शिवाय गिरवणाऱ्याचा अर्थ थेट दगडावर लादते. पडद्यावरची टीप हा त्या रीतीला मिळालेला चांगला पर्याय आहे.

इथवरचा सारा विचार अभ्यासिकेतला वाटेल. पण चित्राची हद्द कुठे आखायची, हा प्रश्न सड्यावर आला की तो अभ्यासिकेत राहत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले, त्याला मोठा विरोध झाला, आणि त्या वादात कातळशिल्पांचे काय होणार हेही विचारले गेले. बारसूला दोन प्राण्यांच्या मध्ये उभ्या माणसाची प्रसिद्ध आकृती आहे. प्रकल्पाविषयी मत देण्याचा आमचा अधिकार नाही. मोजणीविषयी मात्र बोलता येईल. कशेळीच्या हत्तीभोवती पडद्यावर घट्ट चौकट आखली, तर १८ गुणिले १३ म्हणजे २३४ चौरस मीटर होतात, सातबाऱ्याच्या भाषेत साधारण सव्वादोन गुंठे. प्रत्येक आकृतीला अशी चौकट घालत गेले, तर सगळ्या मिळून थोडीशीच जमीन होते, आणि उरलेला सडा रस्त्याला, चिरेखाणीला किंवा बांधकामाला मोकळा आहे असा अर्थ कागदावरून निघू शकतो. उलट, आकृती एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, त्यांची तोंडे कुठे आहेत, पाण्याची जागा आणि जुनी पायवाट त्यांच्यापासून किती लांब आहे, हे मोजून एकत्र मांडले, तर संहिता एका आकृतीपुरती राहत नाही, ती सड्याएवढी होते. अनेक सडे खाजगी मालकीचे आहेत. त्यामुळे ही मोठी हद्द आखण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते, हेही लपवून चालणार नाही. पडद्यावर बहुभुजाचे चार बिंदू कुठे ठेवले, यावर जमिनीच्या मालकाचे आणि दगडावरच्या रेघेचे भवितव्य अवलंबून असू शकते. म्हणून त्या चौकटीसोबत ती कोणी, कोणत्या निकषाने आखली हे लिहिलेले असणे न्यायाचे आहे.

ऊन, पाऊस, गुरांचे खूर, वाहनांची चाके आणि चिरेखाणी यांच्यामुळे कातळ झिजतो आहे. काही आकृतींच्या बाबतीत असा दिवस येईल की आज केलेली नोंद हीच एकमेव प्रत उरेल. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आपल्यापाशी नाही, महाभारताची तर नव्हतीच. आपण वाचतो ते कुणीतरी नकलून, ताडून, जपून ठेवलेले असते, आणि नकलकारांमध्ये ज्यांनी आपला हात आणि मूळ हात वेगळे ठेवले त्यांचे ऋण आपण मानतो. शंभर वर्षांनी रत्नागिरीच्या सड्यावरच्या रेघा जो कोणी वाचू पाहील, त्याला आपल्या फाइलींत टिपांचा थर उचलून खालचे चित्र पाहता यावे, मोजपट्टी किती लांबीची होती हे कळावे, आणि जिथे आपल्याला ठाऊक नव्हते तिथली तुटक रेघ तुटकच सापडावी.